टाकीतली भाऊबंदकी

चिलापी मासा आपल्याला ठाऊक आहे तो खाण्यापुरता. उजनीच्या जलाशयात त्याचंच राज्य. 1952 साली भारतात आणलेला हा मासा मूळचा आफ्रिकेचा, सिक्लिड कुळातला. गोव्यात रवा लावून तळतात ते काळुंदरही त्याच कुळातलं, पण ते इथलंच, आपल्या खाडीतलं. तेव्हा आफ्रिकन सिक्लिड म्हणजे कोणी परकं राजघराणं नव्हे. ताटात येतो तो आणि काचेआड पिवळाधमक फिरतो तो, दोघे चुलतभाऊच. मात्र ताटातल्याच्या स्वभावाची चौकशी कोणी करत नाही आणि टाकीतल्याच्या स्वभावाबद्दल प्रत्येकाचं मत तयार असतं.

ते मत असं. आफ्रिकन सिक्लिड जातीचे मारकुटे. दोन-चार ठेवले तर एक उरतो. म्हणून टाकी गच्च भरावी, म्हणजे मार वाटला जातो. एकाच जातीचे फार घेऊ नयेत, रंगाने वेगवेगळे घ्यावेत, कारण नर आपल्यासारख्या दिसणाऱ्यावरच तुटून पडतो. भांडणं वाढली की दगड हलवावेत, सगळ्यांचे पत्ते बदलले की सगळे नवखे होतात. आणि पिल्लांचं काय, असं विचारलं तर दुकानदार हसतो. "साहेब, ब्रीडिंग आपोआप होतं. थांबवणं कठीण." कुर्ल्याच्या मासे बाजारात हे ऐकायला मिळतं, आणि भरपूर वाचन केलेली, वीस-वीस वर्षं टाक्या सांभाळलेली मंडळीही थोड्या भारदस्त शब्दांत हेच सांगतात. मीही सात-आठ वर्षं नव्या माणसांना हेच सांगत होतो, हे नमूद करून पुढे जातो.

मत अडाणी नाही, हे आधी कबूल केलं पाहिजे. जेराम ब्राउन या पक्षीशास्त्रज्ञाने 1964 साली पक्ष्यांच्या हद्दींबद्दल एक साधा हिशेब मांडला होता. हद्द राखायला मेहनत लागते, तिच्यातून फायदा मिळतो. घुसखोर फार झाले की मेहनत फायद्याच्या वर जाते आणि पक्षी राखण सोडून देतो. चार फुटी टाकीत चाळीस मासे सोडले की नेमकं हेच होतं. नर एकाला हाकलून परत येईपर्यंत तिघे त्याच्या कपारीत शिरलेले असतात. काही दिवसांत तो दमतो आणि नाद सोडतो. सकाळच्या विरार लोकलमध्ये शिव्या भरपूर असतात, पण हात उगारायलाही जागा लागते.

तेव्हा गर्दीने मारामारी कमी होते, हे मान्य. माझा आक्षेप त्यातून काढलेल्या 'म्हणून' या शब्दाला आहे. नराने हद्द सोडली, म्हणजे नेमकं काय सोडलं? मलावी सरोवराच्या खडकाळ काठाला राहणाऱ्या माशांना तिथले टोंगा लोक म्बुना म्हणतात. या माशांमध्ये नर हद्द धरतो ती मुख्यतः विणीसाठी. कपारीच्या तळाशी तो वाळू उकरून खळगा करतो, मादीला अंग थरथरवून तिथे बोलावतो. मादी अंडी घालते आणि लगोलग तोंडात उचलते. नराच्या शेपटीजवळच्या खालच्या परावर अंड्यांसारखे दिसणारे पिवळे ठिपके असतात. ते टिपायला ती तोंड पुढे करते, त्याच वेळी तो वीर्य सोडतो आणि अंडी तिच्या तोंडात फळतात. जर्मन वर्तनशास्त्रज्ञ वोल्फगँग विक्लर यांनी 1962 साली ही ठिपक्यांची फसवणूक उलगडून दाखवली. या सगळ्या नाट्याला थोडा निवांतपणा आणि एक मालकीची कपार लागते. गर्दीच्या टाकीत विणी होतच नाहीत असं मी म्हणत नाही. होतात, पण घाईत, चारचौघांच्या धक्क्यात. तोंड भरलेली मादी पळापळीत अंडी गिळते किंवा थुंकते, आणि पिल्लं बाहेर पडलीच तर चाळीस तोंडं वाट पाहत असतात. शांततेसाठी जे विकलं, तेच नेमकं आपल्याला हवं होतं.

दुसरी अडचण रसायनाची, आणि तिच्याशी वाद घालता येत नाही. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया येतो. पाण्यात त्याची दोन रूपं असतात: एक बरंचसं निरुपद्रवी, दुसरं कल्ले जाळणारं. कोणतं किती, हे मुख्यतः पाण्याच्या पीएचवर ठरतं. 26 अंश तापमानाला पीएच 7 असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम 0.6 टक्के विषारी रूपात असतो. पीएच 8.3 झाला की तोच आकडा सुमारे 11 टक्के होतो, म्हणजे अठरापट. आणि आफ्रिकन सरोवरांतल्या माशांना हवं असतं ते 8च्या आसपासचं किंवा वरचंच पाणी. म्हणजे ज्या पाण्यात गर्दी सगळ्यांत महाग पडते, त्याच पाण्यासाठी आपण गर्दीचा सल्ला देतो! फिल्टर चालू आहे तोवर निभावतं. जुलैच्या एखाद्या रात्री दोन वाजता वीज गेली आणि सहाला आली, की तळाशी कोण आडवं पडलंय ते पाहायला कंदील लागत नाही.

(पाण्याचा विषय निघालाच आहे, तर मिठाबद्दल. 'आफ्रिकनला खडे मीठ टाका' हा सल्ला अजून चालू आहे. मलावी आणि टांगानिका ही गोड्या पाण्याची सरोवरं आहेत. मलावीच्या पाण्यात विरघळलेले क्षार आपल्याकडच्या कितीतरी बोअरवेलपेक्षा कमी भरतील. त्या पाण्याची अल्कता कार्बोनेटांमुळे आहे, मिठामुळे नाही. मुंबई-पुण्याचं धरणाचं पाणी मृदू असतं, त्यात दर 100 लिटरला 3 ग्रॅम खाण्याचा सोडा टाकला की कार्बोनेटची कठीणता साधारण एक अंश चढते. शहाबादी फरशीचे तुकडे हा त्याहून स्वस्त उपाय, कारण ती चुनखडीच आहे. आपला काळा पाषाण पाण्याला काहीच करत नाही, तो फक्त छान दिसतो.)

आता 'जातीचे मारकुटे' हा पाया पाहू. सगळी इमारत त्यावर उभी आहे. टांगानिकाच्या परिसरातला ॲस्टाटोटिलापिया बुरटोनी हा मासा रसेल फर्नाल्ड यांनी स्टॅनफर्डच्या प्रयोगशाळेत अनेक वर्षं अभ्यासला. त्याच्या नरांत दोन वर्ग दिसतात. एक रंगीत, हद्दवाला, आडदांड. दुसरा मळकट, गुमान माद्यांच्या घोळक्यात राहणारा. हे दोन स्वभाव नाहीत, दोन पदं आहेत. आडदांडाला टाकीतून काढलं की मळकट नराच्या अंगावर काही मिनिटांत रंग चढतो, डोळ्याखालची काळी पट्टी उमटते आणि तो हद्द धरतो. पुढच्या दिवसांत मेंदूतल्या, वीण चालवणाऱ्या पेशीसुद्धा मोठ्या होतात. पद गेलं की पेशी पुन्हा लहान. सरकारी कचेरीत काम केलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

याच प्रयोगशाळेतून 2007 साली आणखी एक गोष्ट पुढे आली. एका नराला काचेआडून पाच नरांच्या झुंजी दाखवल्या: पहिल्याने दुसऱ्याला हरवलं, दुसऱ्याने तिसऱ्याला, तिसऱ्याने चौथ्याला, चौथ्याने पाचव्याला. दुसरा आणि चौथा समोरासमोर आलेले त्याने कधीच पाहिले नव्हते. तरी त्या दोघांमध्ये सोडल्यावर तो दुबळ्या चौथ्याच्या बाजूला जाऊन राहिला. कोण कोणाच्या वर, याचा हिशेब त्याने नुसत्या पाहण्यातून मांडला होता. ज्याला हिशेब मांडता येतो, तो उगाच मार खात किंवा देत नाही. पण हिशेबाला ओळख लागते. चाळीस चेहरे, त्यात दर महिन्याला दुकानातून आलेले नवे तीन, त्यात मालकाने हलवलेले दगड, अशा ठिकाणी रोज नव्याने जमाबंदी होते. 'मारकुटा' म्हणून आपण ज्याच्याकडे बोट दाखवतो, तो पुष्कळदा आपणच अस्थिर ठेवलेला मासा असतो.

दगड हलवण्याच्या सल्ल्याचं खंडनही इथेच होतं. हद्दीचे प्राणी ओळखीच्या शेजाऱ्यावर कमी आणि अनोळख्यावर जास्त धावून जातात, हे पक्ष्यांत जुनं निरीक्षण आहे. टांगानिकातल्या निओलॅम्प्रोलोगस पल्चर या सिक्लिडमध्येही तेच आढळलं आहे. नवा मासा सोडताना दगड हलवण्याचा तात्पुरता उपयोग असेल. पण वीण करणाऱ्या टाकीत ते म्हणजे बांधावरच्या खुणेचे दगड उपटून भाऊबंदांना 'आता गुण्यागोविंदाने नांदा' असं सांगण्यासारखं आहे.

सर्वांत मोठा दोष मात्र 'रंगाने वेगवेगळे घ्या' यात आहे. इथे जरा थांबायला हवं, कारण हा सल्ला अर्धा खरा आहे आणि म्हणून जास्त घातक. नर आपल्या रंगाच्या नरावर अधिक तुटून पडतो, हे व्हिक्टोरिया सरोवरातल्या माशांवर तपासून झालेलं आहे. पण त्याच रंगावरून मादी आपल्या जातीचा नर ओळखते, ही नाण्याची दुसरी बाजू सल्ला देणारे सांगत नाहीत.

व्हिक्टोरियात पुंडामिलिया नावाच्या प्रजातीत दोन जवळच्या जाती आहेत. पुंडामिलिया पुंडामिलियाचा नर निळा, पुंडामिलिया न्येरेरेईचा लाल. (दुसरीला टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांचं नाव दिलं आहे. रस्त्याला नाव मिळण्यापेक्षा हे बरं, खोदकाम होत नाही.) ओले सीहाउझेन आणि जाक फान आल्फन यांनी या दोन्ही जातींच्या माद्यांपुढे दोन्ही रंगांचे नर ठेवले. पांढऱ्या उजेडात माद्यांनी आपापल्या जातीचा नर निवडला. मग उजेड असा एकरंगी नारिंगी केला की लाल-निळा भेद दिसेनासा झाला. आणि निवडही नाहीशी झाली. त्याआधी 1997 साली याच दोघांनी फ्रान्स विटे यांच्यासह दाखवलं होतं की सरोवराचं पाणी जिथे गढूळ झालं, तिथे जातींची विविधता घटली आणि रंगही मावळले. पाण्यातला उजेड बिघडला की मादीचा निवाडा बिघडतो, आणि निवाडा बिघडला की दोन जातींमधली भिंत पडते. कारण त्यांच्यात दुसरी भक्कम भिंत फारशी नाहीच. मलावीच्या सिक्लिडांचा जनुकसंच वाचून 2018 साली जो अभ्यास आला, त्यात जाती-जातींमधला फरक 0.1 ते 0.25 टक्के इतकाच भरला. हजार अक्षरांमागे एक ते अडीच अक्षरं. शेकडो जाती, इतके रंग, इतके जबडे, आणि मजकुरात शुद्धलेखनाच्या चुकांएवढा फरक!

आता आपल्या दिवाणखान्यातली टाकी डोळ्यांपुढे आणा. वर निळसर एलईडी पट्टी, रंग 'खुलावेत' म्हणून लावलेली. आत एका जातीची एक मादी, दुसऱ्या जातीचे दोन नर, तिसरीचा एक. सरोवरात तिला खोली, खडकाचा प्रकार, अंतर, सगळ्यांची मदत असते. इथे तिच्या जातीचा नर एक तर नाही, किंवा आहे तो कोपऱ्यात दबलेला. अंडी तयार झाली की ती ज्याची कपार मोकळी त्याच्याकडे जाते. शिवाय मलावीच्या अशा माशांत एका मादीच्या तोंडातल्या पिल्लांचे बाप अनेक असू शकतात, हे 1995 साली जनुकीय खुणांवरून सिद्ध झालं आहे. म्हणजे मिश्र टाकीत एकाच तोंडातून दोन वाणांची भावंडं बाहेर पडणं अगदी शक्य आहे.

माझ्याकडे तसंच झालं असावं. पिवळी मादी, अठ्ठावीस दिवस तोंड मिटून होती. पिल्लं बाहेर आली तेव्हा घरात पेढे वाटायचे बाकी होते. तीन महिन्यांनी काही पिवळी राहिली, काहींच्या अंगावर पावसाळ्यातल्या भिंतीसारखी ओल उमटली: ना पिवळी, ना निळी, मध्येच काळसर पट्टे. दुकानात नेली तर मालक खूश. "नवीन व्हरायटी आहे, अजून आणा." हाच तो 'आपोआप होणारं ब्रीडिंग'वाला हिशेब. बाजारात ओबी पीकॉक म्हणून विकला जाणारा ठिपकेदार मासा असाच माणसाने केलेला संकर आहे. कोणाला तो आवडला तर माझी हरकत नाही. पण एकत्र वीण करणारी वसाहत म्हणजे जिची वंशावळ सांगता येते असं काहीतरी. मिश्र टाकीला ती सांगता येत नाही.

मग मंडन काय? अशा वसाहतीला छंदी लोक 'कॉलनी' म्हणतात, तोच शब्द घेऊ. कॉलनी म्हटलं की आपल्याला रेल्वे कॉलनी किंवा पोस्टल कॉलनी आठवते, आणि उपमा वाईट नाही. एकाच खात्यातली माणसं, वर्षानुवर्षं तोच शेजार, कोणाचं कोणाशी पटत नाही हे सगळ्यांना पाठ. भांडणं असतात, पण मुरलेली. माझा सिद्धान्त एवढाच: एक टाकी, एक जात, लहानपणापासून एकत्र वाढलेले थोडे मासे, नरांपेक्षा माद्या पुष्कळ, आणि नंतर शक्यतो कोणाची भर नाही.

नवख्याने सुरुवात यलो लॅबपासून करावी. शास्त्रीय नाव लॅबिडोक्रोमिस सेरुलियस. सेरुलियस म्हणजे निळसर, आणि मासा तर लिंबासारखा पिवळा! जेफ्री फ्रायर यांनी 1956 साली नाव दिलं तेव्हा त्यांच्यापुढे पिवळे मासे नव्हते. पिवळं रूप मलावीच्या पश्चिम काठावर न्खाटा बेच्या उत्तरेला, लायन्स कोव्हच्या बाजूला सापडतं, आणि जगभरच्या टाक्यांत तेच पसरलं. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत 250 लिटरच्या आसपास पाणी मावतं. दगड घातले की 200 उरतं. त्यात बारा ते पंधरा पिल्लं सोडावीत, इंच-सव्वा इंचाची. दगड आधी काचेवर बसवावेत, वाळू मागाहून. उलट केलं तर मासे खालून वाळू उपसतात आणि एक दिवस दरड कोसळते. दगडांची रास पाण्याच्या वरच्या थरापर्यंत न्यावी, कारण हरलेल्याला नजरेआड होता आलं पाहिजे. मार खाण्यापेक्षा लपायला जागा नसणं माशाला जास्त मारतं.

मग वाट पाहायची. आठ-दहा महिन्यांत कोण नर ते कळू लागतं. परांच्या काळ्या कडा थोडा अंदाज देतात, खात्री मात्र मासा हातात उलटा धरून खालची छिद्रं पाहिल्यावरच होते. दोन नर आणि सात-आठ माद्या राहतील असं पाहून जादा नर काढावेत. दोनच का, एक का नाही? एकच नर असला तर तो कंटाळून माद्यांच्या मागे लागतो. समोर प्रतिस्पर्धी असला की त्याचा वेळ शेजारधर्मात जातो. शिवाय एक मेला तर वसाहत विधवा होत नाही.

तोंड भरलेली मादी पकडून तिचा जबडा उघडायचा आणि पिल्लं वेगळ्या टाकीत वाढवायची, अशी पद्धत आहे. विक्रीसाठी तीच सोयीची. मी आता तसं करत नाही. तीन-साडेतीन आठवडे उपाशी राहिलेली मादी स्वतः एखादी अरुंद कपार निवडून पिल्लं सोडते. पंधरातली दोन-तीन जगतात. पण ती जगतात ती मोठ्यांच्या नजरा चुकवायला शिकून, आणि मोठी होतात तेव्हा नवखी नसतात. वसाहत आतून वाढते, बाहेरून भरावी लागत नाही.

'सगळे आफ्रिकन सारखेच' हा भ्रम ज्याला पुरता घालवायचा असेल त्याने टांगानिकाकडे वळावं. निओलॅम्प्रोलोगस ब्रिकार्डीची मागच्या विणीची मोठी पिल्लं आईबापांच्या हद्दीतच राहतात, वाळू उपसतात, घुसखोराला हाकलतात, धाकट्या भावंडांची अंडी साफ करतात. मिखाएल टाबोर्स्की आणि डॉमिनिक लिमबर्गर यांनी 1981 साली या मदतनिसांवर लिहिलं. एकत्र कुटुंबपद्धतीवर आपल्याकडे गळे काढणाऱ्यांनी दोन फुटी टाकी घेऊन हे पाहावं. परके मासे मात्र हे कुटुंब खपवून घेत नाही, आणि मिश्र टाकीत ब्रिकार्डीची 'भांडखोर' म्हणून जी बदनामी होते ती यातूनच. निओलॅम्प्रोलोगस मल्टिफॅशियाटस तर शंखांत राहतो, नर जेमतेम पाच सेंटिमीटरचा. तिकडे निओथॉमा नावाच्या गोगलगायीचे रिकामे शंख असतात. आपल्याकडे भातखाचरातल्या मोठ्या गोगलगायीचे शंख उकळून घातले की काम भागतं. तीस शंख, आठ मासे, आणि वर्षभरात एक वाडी.

आक्षेप येतील ते माहीत आहेत. पहिला: सगळी भावंडं असली तर रक्त आटेल. रास्त आहे, म्हणून पिल्लं दोन वेगळ्या ठिकाणांहून, पण एकाच वेळी आणि एकाच मापाची घ्यावीत. तरी भाऊबहिणीच्या नावाने लगेच कानांवर हात ठेवायचं कारण नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या पेल्व्हिकाक्रोमिस टीनिआटस या सिक्लिडमध्ये जोडीदार निवडताना अनोळख्यापेक्षा भावंडालाच पसंती मिळते, हे 2007 साली प्रसिद्ध झालं आहे. अर्थात तो न्याय मलावीला लावता येणार नाही. दुसरा आक्षेप: एकाच रंगाची टाकी कंटाळवाणी. ज्याला पडद्यासारखी टाकी हवी आहे त्याच्यासाठी ती कंटाळवाणीच. पण माझ्या टाकीतला दुसऱ्या नंबरचा नर सहा महिने मोठ्या दगडाच्या मागच्या बाजूला राहतो, थोरल्याची पाठ फिरली की तीन सेकंदांसाठी परांच्या कडा काळ्या करून घेतो आणि पुन्हा फिकट होतो. हे चाळीस रंगांच्या गर्दीत दिसलं नसतं.

तिसरा आक्षेप खरा अवघड आहे. वसाहत नीट बसली की पिल्लं जादा होतात, आणि त्यांचं करायचं काय? ओढ्यात किंवा तलावात सोडणं हा पर्याय नाही. चिलापीने आपल्या पाण्यात काय केलं ते दिसतंच आहे. ओळखीच्यांना देऊन संपतात तेवढी देतो, उरलेली दुकानात नेतो. मागच्या वेळी पिशवीवर जातीचं नाव आणि जन्माचा महिना लिहिलेली चिठ्ठी चिकटवली होती. मालकाने चिठ्ठी वाचली, मान डोलावली, "प्युअर आहेत ना, छान" म्हणाला, आणि पिशवी फाडून 'मिक्स मलावी' लिहिलेल्या टाकीत रिकामी केली.